निवृत्तीचे पैसे काढताना कर: पीएफ, एनपीएस, ग्रॅच्युइटी, पीपीएफ

खतावणी
निवृत्तीच्या पैशांवरचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेत, म्हणून हा एकच धागा. विचारताना तीन गोष्टी लिहा: खातं कोणतं, नोकरी एकूण किती वर्षांची, आणि पैसे कोणत्या आर्थिक वर्षात हातात येणार.

सगळ्यात जास्त गोंधळ एकाच ठिकाणी होतो. पैसे कधी आणि किती काढता येतील हे ईपीएफओ (पीएफ सांभाळणारी संस्था) किंवा पीएफआरडीए (एनपीएस या पेन्शन योजनेची नियामक संस्था) ठरवतात. त्यावर कर लागेल का, हे प्राप्तिकर कायदा ठरवतो. एकीकडचा नियम बदलला म्हणून दुसरीकडचा आपोआप बदलत नाही. त्यामुळे "क्लेम मंजूर झाला म्हणजे करमुक्त" हे चूक, आणि "टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला" हेही चूक (टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला कर).

धाग्यातले आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि कलमं १९६१ च्या कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतोय, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. २०२५-२६ चं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने भरायचं.

हिशेबासाठी नवीन करपद्धतीचे टप्पे: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाख ५%, ८ ते १२ लाख १०%, १२ ते १६ लाख १५%, १६ ते २० लाख २०%, २० ते २४ लाख २५%, त्यापुढे ३०%. करावर ४% उपकर. एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंत सूट, म्हणजे टप्प्यांच्या दराने लागणारा कर शून्य. निवृत्तीच्या पैशांचं बरंचसं नियोजन या १२ लाखांच्या रेषेभोवती फिरतं.

गवतफूल
पीएफचा पाच वर्षांचा नियम कुणी नीट सांगेल का? नोकरी ४ वर्षं २ महिन्यांनी सोडली, खातं तसंच ठेवलं आणि सहाव्या वर्षी पैसे काढले तर करमुक्त होतील असं बऱ्याच ठिकाणी वाचलं.

शिल्लक
@गवतफूल, नाही होणार. मोजायची ती सलग सेवा. खात्याचं वय मोजत नाहीत. नोकरी ४ वर्षं २ महिन्यांनी संपली की सेवा तिथेच थांबली. त्यानंतर पैसे दहा वर्षं पडून राहिले तरी सेवा वाढत नाही.

वाढते ती एकाच मार्गाने. नवीन नोकरीतल्या पीएफ खात्यात जुनी शिल्लक ट्रान्सफर केली की आधीच्या मालकाकडची सेवा त्यात धरली जाते. म्हणजे ४ वर्षं २ महिने अधिक नव्या ठिकाणची १० महिने, झाली पाच. मधे काही महिने नोकरी नव्हती म्हणून हा फायदा जात नाही, पण पैसे ट्रान्सफर झालेले असायला हवेत.

पाचच्या आत काढूनही कर लागत नाही अशी काही कारणं आहेत: आजारपणामुळे नोकरी सुटली, मालकाचा धंदाच बंद झाला, किंवा कर्मचाऱ्याच्या हातात नसलेलं दुसरं कारण. स्वतः दिलेला राजीनामा यात बसत नाही. या कारणांचा आधार घेणार असाल तर सेवासमाप्तीचं पत्र, वैद्यकीय कागद किंवा कंपनी बंद झाल्याचा पुरावा जपून ठेवा. विचारणा कधीकधी खूप उशिरा येते आणि बंद पडलेल्या कंपनीकडून तेव्हा कागद मिळवणं जवळजवळ अशक्य असतं.

रोजकीर्द
शिल्लक यांच्या प्रतिसादाला जोडून, पाच वर्षांच्या आत काढल्यास कर नेमका कशावर, ते आकड्यांत.

समजा मूळ पगार अधिक महागाई भत्ता ३०,००० रुपये आणि नोकरी ५० महिने. कर्मचाऱ्याचे १२% म्हणजे महिना ३,६००, एकूण १,८०,०००. मालकाच्या ३,६०० मधून १,२५० पेन्शन योजनेत जातात, उरलेले २,३५० पीएफमध्ये, एकूण १,१७,५००. व्याज धरू स्वतःच्या हिश्शावर ३२,००० आणि मालकाच्या हिश्शावर २१,०००. पीएफची शिल्लक झाली ३,५०,५००.

आता याचे चार तुकडे पाडा. मालकाचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज, म्हणजे १,३८,५०० रुपये, 'पगार' या शीर्षाखाली करपात्र. स्वतःच्या हिश्शावरचं व्याज ३२,००० रुपये 'इतर स्रोतांपासून उत्पन्न'. स्वतः भरलेले १,८०,००० हे आपलेच पैसे, ते उत्पन्न धरत नाहीत. पण जुन्या पद्धतीत त्यावर ८०सीची, म्हणजे ठरावीक बचतीवर मिळणारी, वजावट घेतली असेल तर ती मागे घेतली जाते आणि त्या त्या वर्षाचा कर पुन्हा मोजावा लागतो. सगळी वर्षं नवीन पद्धतीत गेली असतील तर ८०सी घेतलेलंच नसतं, मागे घ्यायला काही उरत नाही.

म्हणजे इथे करपात्र रक्कम १,७०,५००. टीडीएस मात्र सहसा सगळ्या रकमेवर १०% दराने कापला जातो: ३५,०५०. दोन टोकांची माणसं बघा. त्या वर्षी दुसरं काहीच उत्पन्न नसेल तर १,७०,५०० चार लाखांच्या आत, सगळे ३५,०५० परत मिळतात, फक्त रिटर्न भरावं लागतं. उलट ३०% टप्प्यातल्या माणसाला याच पैशांवर उपकरासह ५३,१९६ कर होतो, म्हणजे १८,१४६ अजून भरायचे. "टीडीएस कापलाय ना" म्हणून हे राहून जातं आणि पुढे व्याजासकट नोटीस येते.

गवतफूल
धन्यवाद, हे कुठेच इतकं सुटं करून मिळालं नव्हतं. मग टीडीएस न कापला जाण्यासाठी १५जी भरायचा का?

शिल्लक
काढायची एकूण रक्कम ५०,००० पेक्षा कमी असेल तर कलम १९२ए खाली टीडीएस कापतच नाहीत. त्यापुढे असेल तर १५जी, म्हणजे कर शून्य असल्याने टीडीएस कापू नका असं प्रतिज्ञापत्र, देता येतो, पण दोन्ही अटी पाळल्या तरच. एक, वर्षाच्या एकूण उत्पन्नावर कर शून्य असला पाहिजे. दोन, ज्या रकमांसाठी १५जी देताय त्यांची बेरीज मूळ सूट मर्यादेपेक्षा जास्त नको, नवीन पद्धतीत ४ लाख. वरच्या उदाहरणात दुसरं उत्पन्न नसलेला माणूस देऊ शकतो. चालू नोकरीत वर्षाला ९ लाख पगार असलेल्याने "८७एमुळे कर शून्यच येतोय" म्हणून १५जी देऊ नये. ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं.

६० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी १५एच आहे आणि तिथे ८७ए धरून कर शून्य येत असेल तर फॉर्म स्वीकारला जातो, रक्कम मूळ मर्यादेपेक्षा जास्त असली तरी. दोन्ही फॉर्म फक्त भारतातल्या रहिवाशांसाठी.

आणि पॅन यूएएनला (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) जोडून पडताळलेला आहे ना, ते आधी बघा. पॅन नसेल तर १०% ऐवजी २०% कापतात.

पाणवठा
इथे एक व्यवहारातला अडथळा सांगायला हवा, कारण पाच वर्षं भरूनही टीडीएस कापला जाण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

यूएएन एक असला तरी प्रत्येक मालकाकडचा मेंबर आयडी वेगळा. नोकरी बदलताना यूएएन तोच दिला की लोक समजतात पैसेही गेले. तसं नसतं. जुन्या आयडीत पैसे तसेच असतात आणि नवा आयडी शून्यातून सुरू होतो. मग शेवटच्या नोकरीतून बाहेर पडताना प्रत्येक आयडीवर वेगळा क्लेम लावला की एकात ३ वर्षं, दुसऱ्यात ४ वर्षं अशी सुटी सेवा दिसते आणि दोन्हीकडे कर कापला जातो. एकत्र धरली तर सात वर्षं झालेली असतात.

म्हणून क्रम असा ठेवा. सदस्य पोर्टलवर सेवा इतिहास उघडा. प्रत्येक नोकरीची रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दोन्ही आहेत का बघा. सोडल्याची तारीख मालकाने टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपीने ती स्वतः टाकता येते. ही तारीख पगारपत्रक आणि रिलीव्हिंग लेटरशी जुळलीच पाहिजे, एकदा चुकीची गेली की दुरुस्तीला संयुक्त घोषणापत्र लागतं. मग जुन्या आयडीतून सध्याच्या आयडीत ट्रान्सफरची विनंती. ट्रान्सफर झाल्याची नोंद नव्या पासबुकात दिसल्यावर मगच फॉर्म १९ (पीएफ पूर्ण काढण्याचा अर्ज). घाईत आधी फॉर्म १९ लावला आणि पैसे बाहेर आले की मागे जाता येत नाही.

पेन्शन योजनेतली सेवाही ट्रान्सफरबरोबर जोडली जाते. दहा वर्षांच्या पात्रतेसाठी तिचा उपयोग होतो, त्यामुळे जुन्या नोकरीत पीएफची शिल्लक थोडी असली तरी ट्रान्सफर सोडू नका.

आडवाट
१३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर पूर्ण पैसे काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने करायचं ठरवलं, आणि २५% शिल्लक खात्यात ठेवायचं. याचा करावर काय परिणाम?

खतावणी
कराचा पाच वर्षांचा नियम त्या निर्णयाने हललेला नाही. तो प्राप्तिकर कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे, मंडळाच्या हातात नाही. मी वर म्हटलं ते हेच. फक्त पैसे दोन वेगळ्या आर्थिक वर्षांत हातात येण्याची शक्यता वाढते. पाच वर्षं पूर्ण नसलेल्यांसाठी ते उलट सोयीचं ठरू शकतं, कारण नोकरी नसलेल्या वर्षात टप्पा खाली असतो.

तिमाही
पीएफबद्दल एक मुद्दा अजून आला नाही, आणि चाळिशी-पन्नाशीत नोकरी सोडणाऱ्यांसाठी तो मोठा आहे.

पाच वर्षांहून जास्त सेवा झालेल्याची नोकरी सोडण्याच्या दिवसापर्यंतची शिल्लक करमुक्त. पण त्या दिवसानंतर जमा होणारं व्याज? खातं ५८ व्या वर्षापर्यंत व्याज देत राहतं, म्हणून लोक ते सुरक्षित ठेव म्हणून सोडून देतात. ते व्याज करपात्र आहे, कारण करमुक्ती कर्मचाऱ्याला नोकरी संपतेवेळी देय असलेल्या शिलकीला आहे. ४६ व्या वर्षी नोकरी सोडताना २० लाख असतील तर ८.२५% दराने पहिल्याच वर्षी १,६५,००० व्याज. हे 'इतर स्रोत'मध्ये दरवर्षी दाखवत गेलात तर दरवर्षीचा टप्पा वापरला जातो. बारा वर्षांचं व्याज शेवटी एकदम दाखवायची वेळ आली तर थेट ३०% मध्ये जाऊन बसाल.

पैसे पडून राहू देण्यात चूक काही नाही, दर चांगलाच आहे. फक्त मुदत ठेवीच्या व्याजाशी तुलना करताना दोन्हीकडे कर धरून करा.

रोजकीर्द
तिमाहींशी सहमत. त्याच ओळीत व्हीपीएफवाल्यांसाठी, म्हणजे स्वतःहून जास्तीचा पीएफ भरणाऱ्यांसाठी: १ एप्रिल २०२१ पासून स्वतःची वर्गणी वर्षाला २.५ लाखांच्या वर गेली की वरच्या भागावरचं व्याज नोकरीत असतानाही दरवर्षी करपात्र. मालकाची वर्गणीच नसलेल्या जीपीएफसारख्या (सरकारी कर्मचाऱ्यांचा पीएफ) खात्यात ही मर्यादा ५ लाख. वर्षाला ४ लाख भरणाऱ्याचे १.५ लाख करपात्र भागात जातात आणि ते पुढच्या वर्षीही त्याच भागात राहून व्याज कमावतात, म्हणजे हा भाग फुगत जातो. त्यावर कर दरवर्षी भरलेला असल्याने निवृत्तीच्या वेळी काढताना पुन्हा लागत नाही. दोन्ही भागांचा वेगळा हिशेब ठेवणं पीएफ कार्यालयाचं किंवा कंपनीच्या ट्रस्टचं काम, पण रिटर्नमध्ये तो आकडा टाकणं आपलं.

आडवाट
एनपीएसकडे वळू का? डिसेंबर २०२५ मध्ये पीएफआरडीएने बिगरसरकारी सदस्यांना ८०% रक्कम एकरकमी घ्यायची मुभा दिली. सगळीकडे "८०% करमुक्त" असं फिरतंय.

खतावणी
हाच तो सापळा. पीएफआरडीएने काढण्याची मर्यादा वाढवली: १२ लाखांच्या वर निधी असेल तर किमान २०% ची ॲन्युइटी (विमा कंपनीकडून विकत घेतलेली नियमित पेन्शन) घ्या, उरलेले ८०% पर्यंत एकरकमी घेता येतात. ८ लाखांपर्यंतचा निधी पूर्ण काढता येतो. पण हा नियम आला तेव्हा प्राप्तिकराच्या कलम १०(१२ए) मधली करमुक्ती ६०% वरच होती. कलमाचे शब्द साधे आहेत: खातं बंद करताना मिळणाऱ्या एकूण रकमेच्या ६०% पर्यंत करमुक्त. त्यामुळे वरच्या २०% चा हिशेब करपात्र धरूनच करा.

५० लाखांचा निधी घेऊ. भाडं आणि व्याज मिळून दुसरं उत्पन्न ६ लाख.

६०-४० केलं तर ३० लाख हातात, कर शून्य. २० लाखांची ॲन्युइटी, ६.५% धरली तर वर्षाला १,३०,००० आणि त्यावर दरवर्षी टप्प्याप्रमाणे कर. एकूण उत्पन्न ७,३०,०००, म्हणजे ८७एमुळे प्रत्यक्षात कर शून्य. ॲन्युइटी विकत घेण्यासाठी वळवलेल्या २० लाखांवर त्या वेळी कर नाही.

८०-२० केलं तर ४० लाख हातात. त्यातले ३० लाख करमुक्त, १० लाख करपात्र. उत्पन्न ६ अधिक १०, म्हणजे १६ लाख. कर २०,००० अधिक ४०,००० अधिक ६०,०००, उपकरासह १,२४,८००. दुसरं उत्पन्न ६ ऐवजी २ लाख असतं तर बेरीज १२ लाखांवर थांबली असती आणि कर शून्य आला असता. तेच १० लाख, पण एकाला सव्वा लाख कर आणि दुसऱ्याला काहीच नाही. म्हणून "८०% घ्यावेत का" याला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. आधी त्या वर्षाचं बाकीचं उत्पन्न मांडा, १२ लाखांपर्यंत किती जागा उरते बघा, आणि जागा नसेल तर खातं लगेच बंद न करता पुढे न्या. साठीनंतरही निधी तसाच गुंतवलेला ठेवता येतो.

शिल्लक
१२ लाखांच्या जरा वर गेलात तर घाबरू नका. सीमांत सवलत आहे. उत्पन्न १२,३०,००० असेल तर टप्प्याने कर ६४,५०० येतो, पण तो १२ लाखांच्या वरच्या रकमेइतकाच, म्हणजे ३०,००० अधिक उपकर इतकाच घेतला जातो. ही सवलत साधारण १२ लाख ७० हजारांच्या आसपास संपते.

८ लाखांच्या आतला निधी पूर्ण काढणाऱ्यांनाही ६०% चं कलम लागू होतं. ७ लाख काढले तर ४.२ लाख करमुक्त आणि कलमाच्या शब्दांप्रमाणे २.८ लाख उत्पन्नात. इतर उत्पन्न कमी असेल तर यावर कर निघत नाही, पण रिटर्नमध्ये दाखवायला हवं.

पाणवठा
एनपीएसची उरलेली दोन वाक्यं. नोकरीत असताना ठरावीक कारणांसाठी काढता येणारी अंशतः रक्कम स्वतःच्या वर्गणीच्या २५% पर्यंत करमुक्त, कलम १०(१२बी). ही २५% वर्गणीची, वाढलेल्या निधीची नव्हे. आणि सदस्याच्या मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरत नाहीत.

गवतफूल
पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते ना? मग ॲन्युइटीवरही मिळेल?

रोजकीर्द
पूर्वीच्या मालकाकडून येणारी पेन्शन 'पगार' समजली जाते, त्यावर नवीन पद्धतीत ७५,००० आणि जुन्या पद्धतीत ५०,००० ची वजावट. विमा कंपनीकडून घेतलेली एनपीएसची ॲन्युइटी सहसा 'इतर स्रोत'मध्ये दाखवतात, तिथे ही वजावट नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचं तिसरंच: ते इतर स्रोतात, पण एक तृतीयांश किंवा २५,००० यातली कमी असेल ती वजावट नवीन पद्धतीत मिळते, जुन्यात २५ ऐवजी १५,०००. पतीच्या पश्चात मिळणाऱ्या पेन्शनमधून ७५,००० वजा केलेली रिटर्नं दुरुस्त करायला लागतात, हे घरातल्या मोठ्यांचं रिटर्न भरताना आवर्जून बघा.

तिमाही
ग्रॅच्युइटीबद्दल: "२० लाखांपर्यंत करमुक्त" हे अर्धंच खरं. खासगी क्षेत्रात ग्रॅच्युइटी कायदा लागू असेल तर तीन रकमांतली सगळ्यात कमी करमुक्त: प्रत्यक्ष मिळालेली, २० लाख, आणि शेवटचा पगार गुणिले १५/२६ गुणिले सेवेची वर्षं. शेवटचा मूळ अधिक महागाई १,२०,००० आणि २८ वर्षं असतील तर सूत्राने १९,३८,४६१ येतात. कंपनीने आपल्या उदार योजनेप्रमाणे २४ लाख दिले तर करमुक्त १९,३८,४६१, उरलेले ४,६१,५३९ पगारात. २० लाखांची मर्यादा आयुष्यभराची आहे, आधीच्या नोकरीत करमुक्त घेतलेली रक्कम त्यातून वजा होते.

साठलेल्या रजेच्या पैशांची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख. त्याआधी ती ३ लाखांवर वर्षानुवर्षं अडकलेली होती. इथेही नुसते २५ लाख नाहीत: प्रत्यक्ष मिळालेले, शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीने दहा महिन्यांचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस धरून उरलेल्या रजेची किंमत, यातलं सगळ्यात कमी. नोकरीत असताना रजा विकली तर ती पूर्ण करपात्र, म्हणून शक्य असेल तिथे रजा निवृत्तीपर्यंत ठेवणं करासाठी फायद्याचं. सरकारी कर्मचाऱ्यांना निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी आणि रजा दोन्ही पूर्ण करमुक्त.

आडवाट
३१ मार्चला निवृत्त होणाऱ्याला हे पैसे मे महिन्यात मिळाले, तर करपात्र भाग पुढच्या वर्षात टाकता येईल का? पुढच्या वर्षी पगार नसेल.

रोजकीर्द
पगाराचं उत्पन्न देय झालं किंवा हातात आलं, यातलं जे आधी असेल त्या वर्षात धरतात. ३१ मार्चला निवृत्तीबरोबर हक्क निर्माण झाला तर मे महिन्यात मिळाल्याने वर्ष बदलत नाही. निवृत्तीची तारीखच निवडता येत असेल, स्वेच्छानिवृत्तीत ती कधीकधी येते, तर एप्रिलमध्ये बाहेर पडल्यास त्या वर्षात एकाच महिन्याचा पगार आणि वरचा करपात्र भाग खालच्या टप्प्यात बसतो.

पाणवठा
पीपीएफवर कुणीच लिहिलं नाही, कारण तिथे वाद नाही. मुदतपूर्तीला, मधे अंशतः काढताना, पाच वर्षांनंतर ठरावीक कारणाने बंद करताना, कुठेच कर नाही. लवकर बंद केल्यास व्याजदरात १% कपात होते, पण तो कर नव्हे. १५ वर्षं झाल्यावर वर्गणी चालू ठेवायची असेल तर एका वर्षाच्या आत मुदतवाढीचा फॉर्म द्यावाच लागतो. तो राहिला तर खातं विनावर्गणी वाढलेलं समजतात, आणि मग भरलेल्या पैशांना व्याज नाही. निवृत्तीनंतर कर न लागणारं व्याज हवं असेल तर हे खातं सगळ्यात शेवटी मोडा.

गवतफूल
मग निवृत्तीनंतर आधी कुठून काढायचं? पीएफ आणि ग्रॅच्युइटी हातात आल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख टाकले, थोडे इक्विटी फंडात आहेत, अशी साधी रचना धरली तर.

खतावणी
ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज दर तिमाहीला हातात येतं आणि पूर्ण करपात्र. ३० लाखांवर ८.२% म्हणजे तिमाहीला ६१,५००, वर्षाला २,४६,०००. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा वर्षाला १ लाख आहे, त्यामुळे इथे १०% कापला जाईल. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच १५एच द्या, दरवर्षी नव्याने. एप्रिलमध्ये दिला नाही तर पहिल्या तिमाहीचा टीडीएस कापला जातो आणि परतावा रिटर्ननंतरच.

इक्विटी फंडात कर फक्त नफ्यावर. एकदम गुंतवलेले २० लाख आज ३० लाख झाले असतील तर काढलेल्या प्रत्येक रकमेचा एक तृतीयांश नफा. वर्षाला ३,७५,००० काढले तर नफा १,२५,०००, आणि वर्षभरापेक्षा जास्त काळ ठेवलेल्या इक्विटीवर तेवढा नफा करमुक्त. हप्त्याहप्त्याने गुंतवलेलं असेल तर आधी घेतलेली युनिट्स आधी विकली गेली असं धरतात, त्यात नफ्याचा भाग जास्त असतो, म्हणून हा साधा तिसऱ्या हिश्शाचा हिशेब तिथे लावू नका. फंडाच्या संकेतस्थळावरून भांडवली नफ्याचं विवरण काढून बघा.

या रचनेत माझा क्रम असा: व्याज येतंच, ते खर्चाला. कमी पडेल तेवढं दरवर्षी इक्विटीतून सव्वा लाख नफ्याच्या मर्यादेपर्यंत. पीपीएफला हात शेवटी. एखाद्या वर्षी ही सव्वा लाखाची जागा वापरली नाही तर ती पुढे जात नाही, म्हणून गरज नसली तरी तेवढा नफा काढून पुन्हा गुंतवणं फायद्याचं.

शिल्लक
इथे ८७एची एक कड सांगतो, निवृत्त लोक नेमके तिथे अडकतात. ही सूट विशेष दराच्या उत्पन्नाला लागत नाही. पेन्शन आणि व्याज ९ लाख, इक्विटीचा दीर्घकालीन नफा ३ लाख, बेरीज १२ लाख. ९ लाखांवरचा ३०,००० कर सुटीत जातो, पण नफ्यातल्या १,७५,००० वर १२.५% लागतोच: २१,८७५ अधिक उपकर, २२,७५०. "१२ लाखांपर्यंत कर नाही" म्हणून एकदम युनिट्स विकू नका.

१ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा मात्र टप्प्यानेच करपात्र, म्हणून त्याला ८७ए लागू होते.

आडवाट
आगाऊ कराचं काय? टीडीएस पुरेसा नसेल तर व्याज लागेल ना?

तिमाही
६० वर्षं पूर्ण असलेल्या रहिवाशाला धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर भरायची गरज नाही, कलम २०७. रिटर्नच्या वेळी स्वयंमूल्यांकन कर भरला की झालं. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांना ही मुभा नाही. टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा जास्त असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च हे हप्ते पाळायचे. पाच वर्षांच्या आतला पीएफ काढणाऱ्यांनी रोजकीर्द यांचं उदाहरण पुन्हा बघा, तिथले १८,१४६ याच नियमात येतात.

रोजकीर्द
रिटर्न भरतानाचे अडथळे, अनुभवींनी भर घालावी.

करमुक्त पीएफ, ग्रॅच्युइटी, एनपीएसचे ६०% हे 'करमुक्त उत्पन्न' परिशिष्टात किंवा पगाराच्या सूट रकान्यात दाखवा. कर नाही म्हणून न दाखवणं चालतं असं वाटतं, पण बँकेत अचानक ४० लाख जमा झाल्याचा प्रश्न आला की रिटर्नमधली नोंदच उत्तर असते.

पीएफचा टीडीएस फॉर्म २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचं विवरण) १९२ए खाली दिसतो. त्याची वजावट घेतली आणि उत्पन्नच दाखवलं नाही, तर रिटर्न सदोष ठरून नोटीस येते. टीडीएस कुठल्या रकमेवर कापलाय ती रक्कम वाचा, त्यातला करपात्र भाग योग्य शीर्षात टाका आणि विभागणीचा कागद पासबुकासह जवळ ठेवा.

पाच वर्षांच्या आतल्या पीएफचा पगार समजला जाणारा भाग किंवा ग्रॅच्युइटीचा करपात्र भाग एकाच वर्षात आल्याने टप्पा चढला असेल तर कलम ८९ ची सवलत मागता येते. त्यासाठी फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. रिटर्नमध्ये सवलत टाकली आणि १०ई नंतर भरू म्हटलं, तर प्रक्रिया होताना सवलत नाकारली जाते आणि मागणीपत्र निघतं. स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर ५ लाखांची १०(१०सी) सूट घेतली असेल तर त्याच रकमेवर ८९ मिळत नाही. दोन्हींचे आकडे काढा आणि ज्यात कर कमी तो पर्याय घ्या.

गवतफूल
फॉर्म १०ई मध्ये मागच्या कोणत्या वर्षांचं उत्पन्न लागतं?

रोजकीर्द
ग्रॅच्युइटीसाठी सेवा १५ वर्षं किंवा जास्त असेल तर आधीची तीन वर्षं, ५ ते १५ च्या मधे असेल तर दोन. त्या वर्षांची रिटर्नं किंवा फॉर्म १६ समोर ठेवूनच बसा, एकूण उत्पन्नाचा आकडा अंदाजाने टाकला की सवलतीची रक्कम जुळत नाही.